प्री-डायबेटीस: साखर ‘बॉर्डरवर’ आल्यावर खान्देशातल्या माणसाने नेमके काय करावे?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

आमच्या चाळीसगाव-भडगाव पट्ट्यात हल्ली लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या थांब्यावर आणि बाजार समितीच्या ओट्यावर एक वाक्य वारंवार कानी पडते: ‘साखर बॉर्डरवर निघाली, पण गोळी नाही लागली.’ बोलणाऱ्याच्या स्वरात सुटका झाल्याचा भाव असतो आणि पुढच्या आठवड्यापासून सगळे पूर्ववत सुरू होते. ज्या टप्प्यावर थोड्या कष्टात पुष्कळ पदरात पडू शकते, नेमका तोच टप्पा आपण हातचा घालवतो, असे माझे मत आहे. म्हणून हा धागा. मी डॉक्टर नाही. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे, आणि आई-वडील दोघांनाही मधुमेह असल्यामुळे हा विषय सातत्याने वाचत आलो आहे.

आधी आकडे. किमान आठ तास उपाशी राहून शिरेतून घेतलेल्या रक्तातील साखर १०० ते १२५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असेल, किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायल्यावर दोन तासांनी ती १४० ते १९९ असेल, किंवा एचबीए१सी (तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे ते सांगणारी चाचणी) ५.७ ते ६.४ टक्के असेल, तर त्या अवस्थेला प्री-डायबेटीस म्हणतात. अनुक्रमे १२६, २०० आणि ६.५ पासून पुढे मधुमेह. उपाशीपोटीच्या साखरेसाठी जागतिक आरोग्य संघटना मात्र १०० ऐवजी ११० पासून मोजते. त्यामुळे १०४ आलेल्या माणसाला एक डॉक्टर सावध करतात आणि दुसरे ‘ठीक आहे’ म्हणतात, यात कोणीच खोटे बोलत नसते.

या अवस्थेत शरीरात काय चाललेले असते? जेवणानंतर स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटते, आणि ते स्नायूंना रक्तातली साखर आत घ्यायला व यकृताला स्वतःची साखर बाहेर सोडणे थांबवायला सांगते. पोटात आणि यकृतात चरबी साठत गेली, स्नायूंना काम उरले नाही, की हा निरोप ऐकला जात नाही. मग स्वादुपिंड अधिक इन्सुलिन ओतून वेळ मारून नेते, आणि दमलेल्या बैलाला पराणी टोचत राहावे तसे हे वर्षानुवर्षे चालते. रात्री यकृताने जास्त साखर सोडली तर सकाळचा आकडा चढतो. स्नायूंनी ती उचलली नाही तर जेवणानंतरचा चढतो. म्हणून एकाच्या अहवालात सकाळची साखर स्वच्छ ९६ असूनही दोन तासांनंतरची १७० निघू शकते. त्रास काहीच जाणवत नाही, फार तर मानेवर किंवा काखेत मखमलीसारखा काळपट पट्टा दिसतो, आणि तो मळ समजून घासला जातो.

‘मी तर बारीक आहे’ या युक्तिवादाबद्दल. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३ होता; युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. हातपाय सडसडीत आणि चरबी पोटात, ही आपल्याकडची ठेवण आहे. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ पासूनच जास्त धरतात, आणि कंबर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावी असे सांगतात. ही कंबर पट्टा बांधतो तिथली नव्हे. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, टेप धरायची. पोटाखाली पँट बांधणाऱ्यांची टेलरकडची कंबर आणि ही कंबर यांत बराच फरक निघतो.

आता खान्देशापुरते माझे म्हणणे. आपले जेवण हे दिवसभर शेतात वाकणाऱ्या माणसाचे जेवण आहे. नांगरट, वखरणी, मळणी यंत्रांकडे गेली, शेतात जायला मोटारसायकल आली, विहिरीची मोटर मोबाइलवरून सुरू होऊ लागली, पण ताटातल्या भाकरींची संख्या कमी झाली नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक प्री-डायबेटीसमध्ये आहेत. आणि मधुमेह शहरांत जास्त असला तरी प्री-डायबेटीसमध्ये शहर-खेडे असा फरक उरलेला नाही. म्हणजे पुढची रांग आपल्या गावांतूनच लागणार आहे.

ज्यांना अनुभव आहे त्यांनी आहार, तपासण्या आणि उन्हाळ्यातला व्यायाम यांबद्दल अवश्य लिहावे.

नाना_अमळनेर

सर, लेख अभ्यासपूर्ण आहे, पण एक शंका प्रामाणिकपणे मांडतो. आमच्या आजोबांनी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमरसाबरोबर खापरावरचे मांडे पोटभर खाल्ले, कानबाईच्या रोटांना कधी नाही म्हटले नाही, आणि नव्वदीपर्यंत काठी न घेता चालले. या रेषा प्रयोगशाळांनी आणि औषध कंपन्यांनी खाली ओढल्या आहेत, असे मला वाटते. माझे वय ५२, उपाशीपोटी साखर ११४, एचबीए१सी ६.१. मला कसलाही त्रास नाही.

केळीबाग_रावेर

नाना, आजोबा मांडे खाऊन दुसऱ्या दिवशी काय करत होते, तेही सांगा. आमच्या बागेतले चित्र मी रोज पाहते. कटाईच्या दिवशी घड खांद्यावर घेऊन सरींमधून बांधापर्यंत नेणारा मजूर दिवसभरात कितीतरी वजन वाहतो आणि तीन भाकरी खातो. बांधावर मोटारसायकल लावून वजन लिहून घेणारे आमचे घरचे लोकही तीनच भाकरी खातात. गेल्या वर्षी शिबिरात आमच्या घरातल्या तिघांची साखर वाढलेली निघाली, आणि तिघेही वजन लिहिणारे होते.

माझा प्रश्न केळीबद्दल आहे. जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले, ट्रक उत्तरेकडे रवाना होतात, आणि आमच्याच सासऱ्यांना शिबिरातल्या कोणीतरी ‘केळी विषासमान’ असे सांगितले. ते आता केळीला हात लावत नाहीत, पण चहा दिवसातून सहा वेळा, प्रत्येक वेळी दोन चमचे साखर घालून घेतात.

गिरणाकाठ

ताई, तुम्ही एका वाक्यात जे लिहिले त्यासाठी मला चार परिच्छेद लागले.

सासरेबुवांचा हिशेब करू. चहाचा चमचा पाच ग्रॅमचा धरला तर सहा कपांत ६० ग्रॅम साखर झाली, आणि तिच्यासोबत तंतू, पोटॅशियम, काहीच आले नाही. साल काढलेल्या शंभर ग्रॅम केळ्यात साधारण २० ते २३ ग्रॅम कर्बोदके असतात. केळे जितके पिकत जाईल तितके त्यातले पिष्ट साखरेत बदलते. म्हणून काळे ठिपके पडलेल्या केळ्यापेक्षा नुकते पिवळे झालेले बरे. प्री-डायबेटीसमध्ये एक लहान केळे, जेवणाच्या शेवटी नव्हे तर मधल्या वेळी, मूठभर शेंगदाण्यांबरोबर खाल्ले तर आकाश कोसळत नाही. शिकरण आणि वेफर्स यांना मात्र मी केळी मानत नाही. आणि चहात साखरेऐवजी गूळ घालून समाधान मानू नये. गुळानेही साखर तितकीच चढते.

नाना, तुमच्या शंकेचे उत्तर दोन प्रयोगांत आहे. अमेरिकेत ३,२३४ प्री-डायबेटीस असलेल्यांवर झालेला प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम आणि सात टक्के वजन कमी करण्याचे उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, तर मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. साठीच्या पुढच्यांत व्यायाम-आहाराचा लाभ आणखी मोठा, ७१ टक्के होता. रेषा कंपन्यांनी खाली ओढल्या असत्या, तर गोळी चालण्याच्या मागे पडल्याचे निष्कर्ष इतक्या ठळकपणे छापून आले नसते. दुसरा प्रयोग चेन्नईचा, डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाचा, २००६ चा. त्यात ५३१ भारतीय होते. काहीच न केलेल्या गटातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला; आहार-व्यायामाच्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले. विशेष हे की या लोकांचे वजन फारसे घटले नाही, तरीही लाभ झाला. वजनकाटा हलत नाही म्हणून महिन्याभरात चालणे सोडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आणि ५५ हा आकडाही विसरू नये, कारण आपल्याकडे ही घसरण वेगाने होते.

‘त्रास नाही’ हे तर या अवस्थेचे लक्षणच समजा. हृदयविकाराचा धोका मात्र याच काळात वाढू लागलेला असतो.

आता ताटाबद्दल थोडे विस्ताराने, कारण इथे सगळ्यांचा समज असतो की ज्वारी म्हणजे पथ्य. घरच्या एका भाकरीला लागणारे पीठ मी काट्यावर ठेवून पाहिले. ते ९० ग्रॅम भरले. म्हणजे एका भाकरीत सुमारे ६० ग्रॅम कर्बोदके, आणि तीन भाकरींत १८० ग्रॅम. ज्वारीत तंतू जास्त, हे खरे. पण एवढ्या राशीपुढे तंतू किती पुरे पडणार? उपाय भाकरी सोडण्याचा नाही. कळण्याची भाकरी करावी, कारण ज्वारीबरोबर उडीद दळले गेल्याने त्याच भाकरीत प्रथिने वाढतात आणि दोनऐवजी एकीत पोट भरते. रात्रीची खिचडी आपल्याकडे सुटणार नाही, हे मला मान्य आहे. पण तिच्यात तांदळाइतकीच डाळ घालता येते, वरच्या कच्च्या तेलाची धार आवरता येते, आणि पापडाची जागा काकडी-मुळ्याला देता येते. भरीत, मेथी, गिलके, पाटोड्यांची भाजी, मठाची उसळ हे सगळे आपलेच आहे. फक्त ते तोंडी लावण्यापुरते न घेता आधी अर्धे ताट त्याचे खावे आणि भाकरी नंतर मोडावी. भाजी आणि डाळ आधी, पिष्टमय पदार्थ शेवटी, या क्रमाने जेवणानंतरची उसळी कमी होते, असे लहान प्रयोगांतून दिसले आहे. वरण-बट्टीबद्दल मी काही लिहीत नाही. ती महिन्यातून एकदा, आणि जेवून लवंडायचे नाही.

शहादेकर

मी गेली अनेक वर्षे रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो. तपासणीच्या बाजूने काही गोष्टी लिहितो, कारण चुकीच्या आकड्यावर आधारलेला निर्णय कितीही निष्ठेने पाळला तरी उपयोगाचा नाही.

पहिली गोष्ट नमुन्याची. रक्त काढल्यानंतरही नळीतल्या पेशी साखर खात राहतात. साध्या नळीत नमुना तसाच राहिला तर साखर तासाला सुमारे पाच ते सात टक्क्यांनी कमी होते, आणि गरमीत अधिक वेगाने. खेड्यात सकाळी सातला घेतलेला नमुना एप्रिलच्या उन्हात थैलीतून दहा वाजता तालुक्याला पोहोचला, तर ११८ ची साखर १०० च्या आत दिसू शकते. साखरेसाठीचे रक्त राखाडी झाकणाच्या, फ्लोराइड असलेल्या नळीत घेतले जाते का, आणि नमुना किती वेळात यंत्रावर जातो, हे विचारण्याचा रुग्णाला हक्क आहे. घरचे ग्लुकोमीटर निदानासाठी नसते. चांगल्या यंत्रातही १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो असे त्याचे मानकच सांगते, म्हणजे खरी १०८ असलेली साखर ९२ ही दिसेल आणि १२४ ही.

दुसरी गोष्ट आमच्या नंदुरबार जिल्ह्यासाठी फार महत्त्वाची आहे. एचबीए१सी ही चाचणी तांबड्या पेशी साधारण तीन-चार महिने जगतात या गृहीतावर उभी आहे. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा या भागांतल्या भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण बरेच आहे. सिकलसेलच्या रुग्णात पेशी लवकर फुटतात, त्यांच्यावर साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि एचबीए१सी खोटे कमी येते. नुसता वाहक असेल तर अनेक आधुनिक यंत्रे बरोबर आकडा देतात, पण सगळीच नाहीत. उलट लोहाच्या कमतरतेच्या पांडुरोगात (ॲनिमियात) तेच एचबीए१सी खोटे जास्त येऊ शकते, आणि आपल्याकडे किती बायकांचे हिमोग्लोबिन दहाच्या खाली असते हे मी वेगळे सांगायला नको. अशा वेळी एचबीए१सीवर विसंबू नये. उपाशीपोटीची आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची साखर पाहावी. सिकलसेलचे कार्ड असेल तर ते रक्त देण्यापूर्वीच दाखवावे.

पांझरा

शहादेकर दादांनी पांडुरोगाचा मुद्दा काढला हे फार बरे झाले. मी धुळ्याची. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी सहाव्या महिन्यात मला ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायला दिले आणि दोन तासांनी साखर १५८ आली. १४० च्या पुढे गरोदरपणातला मधुमेह धरतात. बाळंतपणानंतर साखर उतरली, आणि घरात सगळ्यांनी विषय संपला असे मानले. डिंकाचे लाडू, तुपाची खीर, सव्वा महिना अंथरूण, सगळे रीतीप्रमाणे झाले. बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत पुन्हा तीच ग्लुकोजची चाचणी करायची असते, आणि पुढेही दर एक ते तीन वर्षांनी साखर पाहायची असते, हे मला माझ्या मावसबहिणीने सांगितले. ती परिचारिका आहे. ज्या रुग्णालयात बाळंतपण झाले तिथून घरी जाताना दिलेल्या कागदावर लसींच्या तारखा होत्या, पण या चाचणीचा उल्लेख नव्हता. चाचणी केली तेव्हा मी प्री-डायबेटीसमध्ये होते.

इथे वाचणाऱ्या भावांना विनंती आहे की बायकोच्या गरोदरपणात साखर वाढली होती का, हे आठवून पाहावे. मूल शाळेत जाऊ लागले असले तरी ती तपासणी उशिरा का होईना करून घ्यावी.

भुसावळ_जंक्शन

मी रेल्वेत आहे, पाळीची नोकरी, रात्र रात्र इंजिनात बसून जाते. वय ३८, कंबर ९६ सेंटिमीटर, आईला मधुमेह. एचबीए१सी ५.९. दोन प्रश्न आहेत. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि रस्त्यावर चालणे शक्य नसते, तर व्यायाम कसा करावा? आणि एका सहकाऱ्याने स्वतःच मेटफॉर्मिन सुरू केले आहे. मीही करावे का?

गिरणाकाठ

भाऊ, आधी तुमचा धोका मोजू. चेन्नईच्या मद्रास डायबेटीस रिसर्च फाउंडेशनने भारतीयांसाठी केलेली गुणांची पद्धत आहे, आणि तिला रक्ताचा थेंबही लागत नाही. वय ३५ ते ४९ चे २० गुण, पुरुषाची कंबर ९० ते ९९ चे १०, बैठे काम आणि व्यायाम नाही याचे ३०, एका पालकाला मधुमेह याचे १०. तुमचे ७० झाले, आणि ६० च्या पुढे धोका जास्त मानतात. यातले वय आणि आई बदलता येत नाही. पण तीसचा मोठा आकडा कुठून आला ते पाहा.

उन्हाळ्यात चालणे पहाटे सहाच्या आत किंवा रात्री जेवणानंतर करावे. स्नायू काम करू लागले की इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर उचलतात, म्हणून जेवणानंतर लगेचचे दहा-पंधरा मिनिटांचे चालणेही वाया जात नाही, मग ते ओसरीत असो की फलाटावर. चालण्याखेरीज आठवड्यातून दोन-तीन वेळा स्नायूंना जोर पडेल असे काही हवे. तालमीतल्या बैठका यासाठी उत्तम आहेत. मांड्यांचे स्नायू शरीरात सर्वांत मोठे, त्यांना छप्पर आणि दोन हात जागा पुरते. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्यापासून सुरुवात करावी. रात्रपाळीच्या माणसाने झोपेकडेही तितकेच लक्ष द्यावे, कारण अपुऱ्या झोपेने इन्सुलिनला मिळणारी दाद कमी होते. पाळीवरून आल्यावर खोली अंधारी करून सलग झोपावे, आणि मध्यरात्री स्टेशनवरच्या शेव-समोशाऐवजी घरचा डबा सोबत न्यावा. तंबाखू असेल तर तीही मधुमेहाच्या बाजूनेच उभी असते.

मेटफॉर्मिन स्वतः सुरू करू नये. बीएमआय ३५ च्या पुढे, एचबीए१सी ६ च्या पुढे, वय साठीच्या आत किंवा पूर्वी गरोदरपणातला मधुमेह, अशा लोकांत डॉक्टर तिचा विचार अधिक करतात, आणि त्याआधी मूत्रपिंडाचे काम तपासतात. दीर्घकाळ घेतल्यास ब१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, जे शाकाहारी माणसांत आधीच काठावर असते. सहकाऱ्यालाही हे वाचायला द्या. मेथीदाणे आणि कारल्याचा रस यांबद्दल कोणी विचारण्याआधीच लिहितो: भाजी म्हणून आनंदाने खावे, उपचार म्हणून त्यांवर विसंबू नये.

केळीबाग_रावेर

एक माहिती जोडते. तीस वर्षांवरील प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब उपकेंद्रावर, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, मोफत तपासतात. आमच्या आशाताई घरी येऊन वय, कंबर, तंबाखू, व्यायाम असा फॉर्म भरतात. चारपेक्षा जास्त गुण आले की तपासणीला आधी बोलावतात. तिथे बोटातून रक्त घेतात, त्यामुळे आकडा वाढलेला आला तर पुढे शिरेतल्या रक्ताची तपासणी करून घ्यावी लागते. सासऱ्यांचा चहा चार कपांवर आला आहे आणि कालपासून साखर एकच चमचा. केळे त्यांनी अजून घेतले नाही.

नाना_अमळनेर

सर, कंबर मोजली. १०१ सेंटिमीटर. वय आणि कंबर दोन्हींचे गुण भुसावळच्या भाऊंपेक्षा जास्त, आणि वडिलांना मधुमेह होता, त्यामुळे तुमच्या पद्धतीने माझे ९० गुण होतात. आकडा बघून सौभाग्यवतींनी धागा पहिल्यापासून वाचला. ग्लुकोजची चाचणी करून घ्यायचे ठरले आहे. मात्र त्याआधी आठ दिवस भाकरी-भात बंद ठेवून नुसत्या भाज्या खाव्यात आणि मग रक्त द्यावे, असा विचार आहे.

शहादेकर

नाना, असे अजिबात करू नका. चाचणीआधीचे किमान तीन दिवस नेहमीचे जेवण, भाकरी-भातासह, घ्यायचे असते. पिष्टमय पदार्थ एकदम बंद केले तर शरीर ती साखर हाताळण्याची सवय सोडते, आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज अचानक आल्यावर दोन तासांनंतरचा आकडा आहे त्याहून वाईट दिसू शकतो. एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते, त्यामुळे आठ दिवसांच्या पथ्याने तेही फसणार नाही. आदल्या रात्री नेहमीच्या वेळी जेवा, सकाळी चहा, विडी, तंबाखू काही न घेता या, पाणी चालेल. ग्लुकोज पाच मिनिटांत प्यायचे आणि पुढचे दोन तास प्रयोगशाळेतच बसून राहायचे. बाजारात फेरी मारून आलात तर आकडा बदलतो. ताप किंवा स्टेरॉइडची गोळी चालू असेल तर चाचणी पुढे ढकला, आणि उपाशीपोटीचा व दोन तासांनंतरचा, दोन्ही आकडे लिहिलेला कागद घेऊनच डॉक्टरांकडे जा.